डिटेक्शन-एस्टिमेशन शिकायचंय? एकच गणित धरा आणि पुरतं पिळून काढा

एम.टेक.च्या पहिल्या सत्रात, किंवा बी.ई.च्या शेवटच्या वर्षी इलेक्टिव्ह म्हणून, ‘डिटेक्शन अँड एस्टिमेशन थिअरी’ घेतली की अभ्यासक्रमाचा कागद बघूनच धडकी भरते. नेमन-पिअर्सन, बेज, मिनिमॅक्स, क्रामर-राव, एमएलई, मॅप, एमएमएसई, वीनर, कालमन. प्रत्येक नावाला एक प्रकरण आणि प्रत्येक प्रकरणाला पानभर सूत्रं. मुलं सूत्रांची वही करतात, परीक्षेच्या आदल्या रात्री ती घोकतात आणि पुढच्या वर्षी प्रोजेक्टला बसल्यावर थ्रेशोल्ड किती ठेवायचा इथेच अडतात.

या नावांच्या मागे पळू नका. एक छोटं गणित घ्या, ते हाताने आणि संगणकावर इतकं घोटा की त्याचे आकडे तोंडावर आले पाहिजेत. मग अभ्यासक्रमातलं प्रत्येक नाव त्याच गणितावर लावून बघा. निम्म्याहून जास्त विषय तिथेच उलगडतो. खाली दिलेला क्रम त्याच हिशोबाने आहे.

विषय नेमका कशाबद्दल आहे

घरात मिक्सर चालू आहे आणि दाराची बेल वाजल्यासारखी वाटली. वाजली की नाही, हे ठरवणं म्हणजे डिटेक्शन. वाजली असेल तर केव्हा आणि किती जोरात, हे सांगणं म्हणजे एस्टिमेशन. उठून दार उघडलं आणि बाहेर कोणीच नाही, तर तो फॉल्स अलार्म. पाहुणे बेल वाजवून परत गेले, तर तो मिस. कानाची तीच क्षमता आणि मिक्सरचा तोच आवाज असेल, तर एक चूक कमी केली की दुसरी वाढतेच.

रडारला विमान आहे की नाही ते ठरवायचं असतं आणि असेल तर किती अंतरावर हे काढायचं असतं. मोबाइलच्या रिसीव्हरला ० आला की १ हे ठरवायचं असतं. गेटच्या अभ्यासक्रमात मॅप, एमएल आणि मॅच्ड फिल्टर येतात ते याच दुसऱ्या प्रश्नापोटी, म्हणजे डिजिटल कम्युनिकेशन शिकलेल्या मुलाने हा विषय नकळत चाखलेला असतो.

आधी शिदोरी तपासा

मेझर थिअरी लागत नाही. कोणी घाबरवलं तर दुर्लक्ष करा. लागतं ते इतकंच: गाउसियन वितरण अंगवळणी पडलेलं, कंडिशनल डेन्सिटी आणि बेजचं सूत्र, कोव्हेरियन्स मॅट्रिक्स म्हणजे काय याची समज, आणि रँडम प्रोसेसमधलं ऑटोकोरिलेशन व पॉवर स्पेक्ट्रम.

तयारी आहे की नाही ते असं तपासा. एका नमुन्यातल्या नॉइजचं प्रमाण विचलन २ आहे. असे १६ स्वतंत्र नमुने घेऊन त्यांची सरासरी काढली, तर सरासरीचं प्रमाण विचलन किती? उत्तर ०.५, आणि ते कागद-पेन न उचलता आलं पाहिजे, कारण पुढे सगळीकडे हाच आकडा वापरणार आहोत. दुसरा प्रश्न: दोन गाउसियन चल एकमेकांशी अनकोरिलेटेड आहेत, तर ते स्वतंत्र म्हणायचे का? इथे ‘हो’ म्हणण्याआधी ‘दोघं मिळून जॉइंटली गाउसियन असतील तर’ ही अट जीभेवर यायला हवी. हे दोन्ही जमत नसेल तर आधी प्रोबॅबिलिटीचं जुनं पुस्तक काढा. तसंच पुढे रेटलं तर प्रत्येक सिद्धतेत अडखळाल आणि दोष मात्र विषयाला द्याल.

गणित मांडा, सोडवायची घाई नको

आपलं गणित असं. एक स्थिर पातळी आहे, तिला ‘ए’ म्हणू. ती आपण १६ वेळा मोजतो. प्रत्येक मोजणीत शून्य सरासरीचा, व्हेरियन्स ४ असलेला, स्वतंत्र गाउसियन नॉइज मिसळतो. म्हणजे प्रत्येक नमुना = ए + नॉइज. बस, एवढंच.

आता वहीत तीन रकाने करा: माहीत असलेलं, अज्ञात पण ठरलेलं, आणि यादृच्छिक. नॉइजचा व्हेरियन्स पहिल्या रकान्यात. नॉइज तिसऱ्या. आणि ‘ए’? हाच खरा प्रश्न आहे. ‘ए’ दुसऱ्या रकान्यात टाकलात तर तुम्ही एमएलई (मॅक्सिमम लाइकलीहूड एस्टिमेट), क्रामर-राव, नेमन-पिअर्सन या घराण्यात जाता. तिसऱ्यात टाकलात, म्हणजे मोजणीच्या आधीच ‘ए’बद्दल काही अंदाज आहे असं मानलंत, तर बेज, मॅप (मोजणी बघून सर्वांत संभाव्य ठरणारी किंमत), एमएमएसई (सरासरी वर्ग-चूक सर्वांत कमी ठेवणारा अंदाज). अभ्यासक्रमातल्या नावांची अर्धी गर्दी या एका रकान्याच्या निवडीतून तयार झाली आहे. परीक्षेतही उत्तराची पहिली ओळ हीच लिहा. प्रश्न कुठल्या घराण्यातला आहे हे कळलं की सूत्र आपोआप सुचतं.

त्यानंतर लाइकलीहूड लिहा, म्हणजे ‘ए’ अमुक असता तर हे १६ आकडे मिळण्याची डेन्सिटी किती. १६ गाउसियनचा गुणाकार, त्याचा लॉग घेतला की वर्गांची बेरीज. ही ओळ लिहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही, अशी सवय लावून घ्या.

एस्टिमेशन: सरासरी, आणि सरासरीच्या पलीकडे

लाइकलीहूड सर्वांत मोठी करणारा ‘ए’ म्हणजे एमएलई. लॉग-लाइकलीहूडचं डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की तो येतो साधी सरासरी. तिचा व्हेरियन्स ४ भागिले १६, म्हणजे ०.२५. मनात येतं, सरासरी तर शाळेतलं पोरही काढतं, मग एवढा खटाटोप कशाला? खटाटोप पुढच्या प्रश्नासाठी आहे: याहून चांगलं काही शक्य आहे का?

त्याचं उत्तर क्रामर-राव बाउंड देतो. यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव. कर्नाटकातल्या हडगलीचा जन्म, आणि १९४५ साली, पंचविशीच्या आत, त्यांनी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये हा निकाल मांडला. क्रामर यांनी तो स्वतंत्रपणे १९४६ मध्ये दिला. बाउंड सांगतो की ‘ए’ काहीही असला तरी ज्याची सरासरी बरोबर ‘ए’ वरच येते, अशा कुठल्याही अनबायस्ड एस्टिमेटरचा व्हेरियन्स आपल्या गणितात ०.२५ च्या खाली जाऊच शकत नाही. आपली सरासरी नेमकी त्या मजल्यावर उभी आहे, म्हणजे शोध इथे संपला. बाउंडचा खरा उपयोग हाच: कधी थांबायचं ते कळतं.

इथे थोडं रेंगाळा आणि तीन गोष्टी करून बघा.

पहिली, सरासरीऐवजी मीडियन घ्या. गाउसियन नॉइजमध्ये, नमुने भरपूर असतील तेव्हा, मीडियनचा व्हेरियन्स सरासरीच्या सुमारे १.५७ पट भरतो. मग नॉइज बदला, लाप्लास वितरणाचा करा, ज्यात अधूनमधून मोठे झटके येतात. आता पारडं उलटतं: मीडियनचा व्हेरियन्स सरासरीच्या जवळपास निम्मा होतो, कारण लाप्लास नॉइजसाठी एमएलई मीडियनच आहे. ‘सरासरी चांगली’ हे वाक्य नॉइजचं नाव घेतल्याशिवाय अपुरं आहे, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

दुसरी, व्हेरियन्ससुद्धा अज्ञात माना आणि त्याचा अंदाज काढा. एमएलई १६ ने भागायला सांगतो, अनबायस्ड सूत्र १५ ने. मुलं डोळे झाकून १५ वाली बाजू घेतात. पण सरासरी वर्ग-चूक काढा: अनबायस्डची सिग्माच्या (नॉइजच्या प्रमाण विचलनाच्या) चौथ्या घाताच्या ०.१३३ पट, एमएलईची ०.१२१ पट. बायस्ड अंदाज कमी चुकतो! अनबायस्ड असणं हे सोवळं नाही, ती फक्त एक सोय आहे. कित्येक प्राध्यापक हा मुद्दा घाईत उरकतात. माझ्या मते यावर एक अख्खा तास द्यायला हवा.

तिसरी, ‘ए’ तिसऱ्या रकान्यात टाका. समजा मोजायच्या आधीच माहीत आहे की ‘ए’ शून्याच्या आसपास, व्हेरियन्स १ ने पसरलेला असतो. आता एमएमएसई अंदाज येतो सरासरीच्या ०.८ पट, आणि त्याची उरलेली अनिश्चितता ०.२. म्हणजे ०.२५ च्या खाली! बाउंड मोडला का? नाही. बाउंड अनबायस्डसाठी होता आणि हा अंदाज शून्याकडे ओढलेला आहे. शिवाय आपण मोजणीबाहेरची माहिती आत आणली. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

डिटेक्शन: थ्रेशोल्ड सिग्नलच्याही वर गेला तर?

आता तेच गणित, प्रश्न वेगळा. ‘ए’ एकतर ० आहे किंवा १. कुठलं, ते ठरवा.

दोन लाइकलीहूडचा भागाकार करा, लॉग घ्या, सगळं आवरलं की पुन्हा सरासरीच उरते. ती एका थ्रेशोल्डच्या वर गेली तर ‘१’ म्हणा. नेमन आणि पिअर्सन यांनी १९३३ मध्ये सिद्ध केलं की फॉल्स अलार्मची मर्यादा ठरवून दिली तर याहून जास्त डिटेक्शन देणारी चाचणी नाही.

आकडे घालू. सिग्नल नसताना सरासरीचं प्रमाण विचलन ०.५. फॉल्स अलार्म १० टक्के चालत असतील तर थ्रेशोल्ड ०.६४ आणि डिटेक्शनची शक्यता ७६ टक्के. फॉल्स अलार्म १ टक्काच हवा म्हटलं तर थ्रेशोल्ड १.१६ आणि डिटेक्शन फक्त ३७ टक्के. थ्रेशोल्ड १.१६, आणि सिग्नल मात्र १! थ्रेशोल्ड सिग्नलच्या डोक्यावरून गेला, म्हणून तर डिटेक्शन निम्म्याच्या खाली आलं. हे बघून पुष्कळ जणांना वाटतं गणित चुकलं. चुकलेलं नाही. १६ नमुन्यांत एवढंच मिळतं, जास्त हवं असेल तर नमुने वाढवा. ६४ केलेत तर १ टक्का फॉल्स अलार्मला थ्रेशोल्ड ०.५८ वर येतो आणि डिटेक्शन ९५ टक्क्यांवर जातं.

बेजच्या घराण्यात हाच प्रश्न विचारला, दोन्ही शक्यता सारख्या आणि दोन्ही चुकांची किंमत सारखी, तर थ्रेशोल्ड बरोबर मध्ये, ०.५ वर, आणि चुकीची शक्यता सुमारे १६ टक्के. डिजिटल कम्युनिकेशनवाले हेच करतात. तिथे ० ऐवजी १ वाचणं आणि १ ऐवजी ० वाचणं सारखंच वाईट. रडारवाल्यांना तसं चालत नाही, कारण आकाशात विमान असण्याची आधीची शक्यता किती, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ते नेमन-पिअर्सन धरतात. कुठली पद्धत ‘बरोबर’ असा वाद घालू नका; कोणाला कुठली माहिती हाताशी आहे, यावर ते ठरतं.

थ्रेशोल्ड सरकवत नेला आणि फॉल्स अलार्मच्या समोर डिटेक्शन मांडलं की जो वक्र येतो तो आरओसी, म्हणजे रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक. मशीन लर्निंगवाली मुलं हा रोज काढतात; त्याच्या नावातला ‘रिसीव्हर’ मात्र रडारचा आहे. आपल्या गणितासाठी १६ आणि ६४ नमुन्यांचे दोन वक्र एकाच कागदावर हाताने काढा. प्रिंट नको, हाताने.

संगणकावर पडताळा

पायथन, ऑक्टेव्ह, मॅटलॅब, जे हाताशी असेल ते. एक लाख ओळी आणि सोळा रकान्यांचा नॉइज तयार करा, प्रत्येक ओळीची सरासरी काढा, थ्रेशोल्डच्या वर किती गेल्या ते मोजा. १.१६ ला सुमारे एक हजार ओळी वर दिसायला हव्यात.

दिसल्या बारा हजार? मग नमपायच्या नॉर्मल फंक्शनला तुम्ही व्हेरियन्स दिलात. ते प्रमाण विचलन मागतं. २ च्या जागी ४ गेले की १ टक्क्याचे १२ टक्के होतात. कॉम्प्लेक्स नॉइज करताना याचा भाऊ भेटतो: एकूण व्हेरियन्स रिअल आणि इमॅजिनरी भागांत निम्मा-निम्मा वाटायचा राहून जातो आणि सगळे आलेख ३ डेसिबलने सरकतात. तुमचा वक्र पुस्तकातल्या वक्रापेक्षा बरोबर ३ डेसिबल बाजूला असेल तर आधी इथे बघा.

किती वेळा चालवायचं हेही हिशोबाने ठरवा. हजारात एक फॉल्स अलार्म तपासायचा आहे आणि तुम्ही हजारच चाचण्या घेतल्यात, तर एकही फॉल्स अलार्म न दिसण्याची शक्यता ३७ टक्के आहे. ‘माझा डिटेक्टर फॉल्स अलार्म देतच नाही’ असं प्रोजेक्ट रिपोर्टात लिहिणाऱ्यांचं इथेच फसतं. अंदाजात १० टक्क्यांइतकी अचूकता हवी असेल तर अपेक्षित फॉल्स अलार्म शंभर तरी पडायला हवेत. म्हणजे हजारात एकसाठी एक लाख चाचण्या.

नॉइज किती आहे हेच माहीत नसेल तर

आतापर्यंत नॉइजचा व्हेरियन्स पहिल्या रकान्यात निवांत बसला होता. प्रत्यक्षात तो क्वचितच तिथे बसतो.

रडारच्या रिसीव्हरमध्ये दोन वाहिन्या असतात, त्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे पॉवर. निव्वळ नॉइज असेल तर ही पॉवर एक्स्पोनेन्शियल वितरण पाळते. फॉल्स अलार्म दहा लाखांत एक हवा असेल तर थ्रेशोल्ड सरासरी नॉइजच्या १३.८ पट, म्हणजे ११.४ डेसिबल वर ठेवावा लागतो. आता थ्रेशोल्ड तसाच ठेवून नॉइज दुप्पट होऊ द्या. पाऊस आला, अँटेना डोंगराकडे वळला, काहीही. घातांक निम्मा होतो आणि फॉल्स अलार्म दहा लाखांत एकवरून हजारात एकवर येतो. नॉइज फक्त दुप्पट झाला, फॉल्स अलार्म हजारपट! ऑपरेटरच्या पडद्यावर ठिपक्यांचा नुसता सडा.

उपाय सीएफएआर, म्हणजे फॉल्स अलार्मचा दर स्थिर ठेवणं: थ्रेशोल्ड आधी ठरवायचा नाही, तपासायच्या घराच्या (अंतराच्या एका कप्प्याच्या) आजूबाजूच्या घरांमधून नॉइजचा अंदाज काढायचा आणि त्याच्या अमुक पट थ्रेशोल्ड ठेवायचा. पण तो अंदाज स्वतःच डळमळीत, म्हणून पट वाढवावी लागते. आजूबाजूची १६ घरं घेतली तर दहा लाखांत एकसाठी १३.८ पुरत नाहीत, २१.९ पट लागते. म्हणजे सुमारे २ डेसिबल जास्त. नॉइज माहीत नसण्याची ही किंमत, रोख मोजलेली. सूत्रही सोपं आहे: घरांची संख्या गुणिले, कंसात, फॉल्स अलार्मच्या व्यस्ताचं तेवढ्या घरांइतकं मूळ उणे एक. घरं ३२ करून बघा, ६४ करून बघा, पट १३.८ कडे उतरत जाते.

इथे नीट लक्षात घ्या: थ्रेशोल्ड ठरवणं डिटेक्शन, नॉइज मोजणं एस्टिमेशन. दोन्ही विषय वेगवेगळ्या खंडांत शिकवतात, पण यंत्रात ते एकमेकांच्या गळ्यात गळा घालून असतात.

मॅच्ड फिल्टर

पातळी स्थिर नसून तिला ठरावीक आकार असेल तर? प्रत्येक नमुन्याला त्या जागच्या सिग्नलने गुणा आणि बेरीज करा. नॉर्थ यांनी १९४३ मध्ये रडारसाठी हे मांडलं. व्हाइट नॉइजमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारख्या पसरलेल्या नॉइजमध्ये, कामगिरी फक्त सिग्नलच्या एनर्जीवर ठरते, आकारावर नाही. सोळा नमुन्यांत प्रत्येकी १, किंवा एकाच नमुन्यात ४ आणि बाकी शून्य: दोन्हींची एनर्जी १६, दोन्हींचा आरओसी तोच. खरं वाटत नसेल तर आधीच्या कोडमध्ये दोन ओळी बदलून चालवा.

मग रडारवाले चर्प (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारा लांब पल्स) वगैरे का वापरतात? एक, ट्रान्समीटर एका क्षणी ठरावीक पॉवरच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून एनर्जी वेळेत पसरावी लागते. दोन, डिटेक्शनला आकाराची पर्वा नसली तरी अंतर मोजायला आहे. वेळेच्या अंदाजाचा क्रामर-राव बाउंड सिग्नलच्या बँडविड्थवर ठरतो. पल्स लांब हवा आणि बँडविड्थही मोठी हवी, म्हणून चर्प.

नॉइज व्हाइट नसेल तर आधी त्याला व्हाइट करणारा फिल्टर लावायचा आणि मग हेच. मॅट्रिक्सच्या भाषेत कोव्हेरियन्सचा इन्व्हर्स मध्ये येतो, नवीन तत्त्व काही नाही.

एक खरा प्रोजेक्ट: जीपीएस पकडा

कागदावरचं पुरे झालं. स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि जीपीएसचा अ‍ॅक्टिव्ह अँटेना मिळाला तर १५७५.४२ मेगाहर्ट्झवर काही सेकंदांचा डेटा गच्चीवरून घ्या. नाही मिळाला तर सिम्युलेशन करा, शिकण्यात फारसा फरक पडत नाही.

जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा २ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या नॉइजच्या खाली ढोबळमानाने पन्नास ते शंभर पटींनी बुडालेला असतो. स्पेक्ट्रममध्ये काही म्हणता काही दिसत नाही. पण प्रत्येक उपग्रहाचा १०२३ चिपांचा (कोडातल्या एकेका ०-१ चा) कोड आपल्याला माहीत आहे आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. मॅच्ड फिल्टर लावला की १०२३ पट, म्हणजे ३० डेसिबल हातात येतात.

अडचण एवढीच की कोड कुठून सुरू होतो ते माहीत नाही आणि डॉपलर, म्हणजे उपग्रहाच्या गतीमुळे फ्रिक्वेन्सी किती सरकली, तेही माहीत नाही. दोन्ही अज्ञात, दुसऱ्या रकान्यातले. मग सगळ्या शक्यता तपासा आणि सर्वांत मोठी निवडा. यालाच जीएलआरटी (जनरलाइज्ड लाइकलीहूड रेशो टेस्ट) म्हणतात. अर्ध्या चिपच्या पावलांनी २०४६ जागा, आणि उणे ५ ते अधिक ५ किलोहर्ट्झ ५०० हर्ट्झच्या पावलांनी २१ डॉपलर, मिळून ४२,९६६ घरं. एकेक घर मोजत बसू नका. एफएफटीने एका डॉपलरच्या सगळ्या जागा एका झटक्यात होतात. डोंगल वापरत असाल तर डॉपलरचा पट्टा रुंद ठेवा, कारण क्रिस्टलची चूक १ पीपीएम (दहा लाखांत एक) असली तरी इथे जवळपास १.६ किलोहर्ट्झची भर पडते.

फेज अज्ञात म्हणून कोरिलेशनचा वर्ग घ्यायचा, आणि मग रिकाम्या घरात पुन्हा तेच एक्स्पोनेन्शियल वितरण. आता थ्रेशोल्ड किती? प्रत्येक घराला हजारात एक ठेवलंत तर एका उपग्रहाच्या शोधात सुमारे ४३ खोटी घरं पेटतील. दहा लाखांत एक ठेवलंत तर पूर्ण शोधात एखादं खोटं घर पेटण्याची शक्यता ४ टक्क्यांवर येते. फॉल्स अलार्म एका घराचा सांगायचा की अख्ख्या शोधाचा, हे रिपोर्टात स्पष्ट लिहा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. तिथल्या डेटात पल्सार (ठरावीक काळाने रेडिओ ठोके देणारे तारे) शोधणाऱ्यांनाही हीच डोकेदुखी: लाखो आवर्तनकाळ तपासायचे म्हणजे लाखो वेळा खोटं पेटायची संधी.

उघड्या आकाशाखाली एका मिलिसेकंदात उपग्रह साधारणपणे सापडतात. घरात मात्र सिग्नल आणखी खोल जातो. बेरजेचा वेळ वाढवत न्यायचं म्हटलं तर दर २० मिलिसेकंदाला डेटाचा बिट उलटू शकतो आणि बेरजा एकमेकींना खाऊन टाकतात. मग वर्ग करून बेरीज करावी लागते, त्यात थोडं नुकसान आहे. किती, ते आपल्या आरओसीच्या पद्धतीने काढा; प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण झालं.

पुस्तकं आणि वेळ

नवशिक्याने स्टीव्हन के यांचे दोन खंड घ्यावेत, एस्टिमेशनचा १९९३ चा आणि डिटेक्शनचा १९९८ चा. त्यांतही नॉइजमधली स्थिर पातळी पानोपानी भेटते, म्हणून आपलं गणित तिथे परकं वाटणार नाही. व्हॅन ट्रीज यांचा १९६८ चा पहिला भाग थोर आहे, पण पहिल्या वाचनाला जड; मॅच्ड फिल्टर झाल्यावर उघडा. एनपीटीईएलवर या विषयाची व्याख्यानं आहेत, ती वही-पेन घेऊन, मध्येमध्ये थांबवून बघा. दुप्पट वेगाने बघितलेलं व्याख्यान इथे काही कामाचं नाही. मिनिमॅक्स आणि कॉम्पोझिट हायपोथेसिसचे बारकावे पहिल्या फेरीत सोडून दिले तरी बिघडत नाही.

कालमन सगळ्यात शेवटी

पोरांना कालमन फिल्टरची, म्हणजे नमुना येईल तसा अंदाज सुधारत नेणाऱ्या पद्धतीची, घाई असते, ड्रोन आणि रोबोट त्यावर चालतात म्हणून. १९६० च्या त्या पेपरातली पाच समीकरणं इंटरनेटवरून उतरवून चालवता येतातही. पण आधी ती आपल्या गणितावर चालवा.

‘ए’चा सुरुवातीचा अंदाज ०, व्हेरियन्स १, नॉइजचा व्हेरियन्स ४. पहिल्या नमुन्यानंतर गेन (नव्या नमुन्याला द्यायचं वजन) येतो १ भागिले ५, म्हणजे ०.२. दुसऱ्यानंतर १ भागिले ६. सोळाव्यानंतर १ भागिले २०, आणि उरलेला व्हेरियन्स ०.२. वर बेजच्या घराण्यात एकगठ्ठा काढलेला आकडाही ०.२ च होता. तुमच्या कोडमधून दुसरं काही आलं तर कोड चुकलाय. आता ‘ए’ला दर पावलाला थोडं हलू द्या, प्रोसेस नॉइजचा व्हेरियन्स ०.०४ ठेवा. गेन आता शून्याकडे घसरत जाणार नाही, ०.०९५ च्या आसपास येऊन थांबेल. का थांबतो ते वर्गसमीकरण मांडून हाताने काढा, आणि मगच दोन स्टेटच्या मॅट्रिक्सला हात घाला.